गाडी जमिनीवर उतरवा, मग बोल्ट आवळा!

मराठी विभागासाठी काहीतरी लिहून दे, म्हणून माझ्या रूम-पार्टनरने गेले पंधरा दिवस माझं डोकं खाल्लं आहे. माझी अडचण अशी की मी के.जी.पासून कॉन्व्हेंटमध्ये शिकले. तिथे वर्गात मराठी शब्द तोंडातून निघाला की एक रुपया दंड असायचा, आणि पाचवीतल्या क्लास-पार्टीचा बराचसा खर्च मी एकटीने उचललेला आहे! त्यामुळे घरातलं मराठी पक्कं राहिलं, पण ऱ्हस्व-दीर्घ कच्चं. चुका दिसल्या तर प्रूफ तपासणाऱ्यांना धरा, मला नाही.

कविता मला जमत नाही. ‘आई’, ‘पहिला पाऊस’ आणि ‘हॉस्टेलची मेस’ हे विषय सीनियर मंडळींनी आधीच बुक करून ठेवले आहेत. म्हणून मी बुशवर लिहिणार आहे. जॉर्ज बुशवर नाही, गाडीच्या सस्पेन्शनमधल्या रबरी बुशवर! हसू नका. मुठीत मावेल एवढ्या या वस्तूने गेल्या डिसेंबरात आजी, आई आणि मी अशा तीन पिढ्या एकदम रस्त्याच्या खाली उतरवल्या होत्या. आणि दोन महिने ती वस्तू ओरडून सांगत असताना ‘काही नाही हो, रस्ता खराब आहे’ असं सांगणारी घरातली एकमेव मेकॅनिकल इंजिनिअर (होऊ घातलेली) मीच होते.

आधी गाडीची ओळख करून देते. आमच्याकडे २००३ ची फियाट पॅलिओ आहे, १.६ जी.टी.एक्स. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. त्यांनी ती २००९ मध्ये नागपूरच्या एका डॉक्टरांकडून सेकंड-हॅन्ड घेतली. तुमसरात सगळे तिला ‘मास्तरची जुनी फियाट’ म्हणतात. बाबा मात्र अजिबात न लाजता ‘आपली स्पोर्ट्स कार’ म्हणतात. स्पोर्ट्स कार म्हणजे दोन दारं, दोन सीटा आणि जमिनीला घासत जाणारं पोट, असं तुम्ही म्हणाल. तशी एक गाडी आपल्या देशातही निघाली होती, बंगळूरच्या सॅन मोटर्सची स्टॉर्म, फायबरच्या बॉडीची. पण आमच्या मोहाडी-तुमसर रस्त्यावर तिचं काय झालं असतं ते न बोललेलं बरं. पॅलिओचं म्हणाल तर ती २००१ मध्ये भारतात आली आणि मुंबईला कुर्ल्याच्या कारखान्यात बनू लागली. हा तोच कारखाना, जिथे आधी वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची पद्मिनी बनायची. १.६ च्या इंजिनाला सोळा व्हॉल्व्ह आणि १०० हॉर्सपॉवर! त्या काळात मारुती ८०० ला ३७ होते. मग सांगा, तुमसरच्या मास्तरांनी तिला स्पोर्ट्स कार म्हटलं तर काय चुकलं? जाहिरातीत सचिन होता. बाबांनी गाडी बघितलीच नाही, सचिनला बघून घेतली, असा आईचा आरोप आहे. (त्याच फियाटवाल्यांकडून सचिनला २००२ मध्ये फेरारी मिळाली. आम्हाला सेकंड-हॅन्ड पॅलिओ मिळाली. ज्याचे त्याचे रन्स!)

तर गेल्या वर्षी एप्रिलमध्ये या गाडीचे पुढचे बुश बदलायला झाले होते. बावीस वर्षांचं रबर. आता हे रबर असतं कुठे आणि करतं काय, ते इतर ब्रँचच्या मित्रमैत्रिणींसाठी थोडक्यात सांगते. मेकॅनिकलवाल्यांनी हा पॅरा वाचला नाही तरी चालेल, पण वाचावा, कारण मलाही सगळं येतं असंच वाटत होतं.

पुढचं चाक गाडीला हवेत चिकटलेलं नसतं. वरून त्याला स्प्रिंग आणि शॉक-अब्झॉर्बर धरून ठेवतो. खालून एक लोखंडी हात धरतो, त्याला लोअर आर्म म्हणतात. या हाताच्या बाहेरच्या टोकाला, चाकाकडे, बॉल जॉइंट असतो आणि आतल्या बाजूला, गाडीकडे, दोन बुश. बुश म्हणजे एकात एक दोन लोखंडी नळ्या आणि मध्ये रबर. ते रबर दोन्ही नळ्यांना घट्ट चिकटवलेलं असतं. आमचा भंडारा म्हणजे पितळेच्या भांड्यांचं गाव, त्यामुळे आमच्याकडच्या जुन्या लोकांच्या डोक्यात बुश म्हटलं की धातूचा, ग्रीस मागणारा, आत शाफ्ट फिरणारा बुश येतो. रबरी बुश तसा नाही. त्याच्यात काहीच घासत नाही, काहीच फिरत नाही. चाक वर-खाली झालं की रबर पिळवटतं आणि परत सुटतं, बस्स. म्हणून त्याला तेलपाणी लागत नाही, आणि म्हणूनच वर्षानुवर्षं त्याची कोणाला आठवणही येत नाही.

लोकांना वाटतं बुश म्हणजे आरामासाठी, धक्के कमी लागावेत म्हणून. मलाही तसंच वाटायचं. पण गणित करून बघा. आमची गाडी साधारण एक टनाची. जोरात ब्रेक मारला, समजा गुरुत्वाकर्षणाच्या सत्तर टक्के एवढा वेग कमी होण्याचा दर, तर टायर आणि रस्ता यांच्यामध्ये मिळून सात हजार न्यूटनच्या आसपास जोर येतो. त्यातला मोठा वाटा पुढच्या दोन चाकांवर. म्हणजे एकेका पुढच्या चाकाला रस्ता जवळजवळ अडीचशे किलोच्या जोराने मागे ढकलतो. हा जोर अडवायचा कोणी? आर्मने. आर्मला कोणी धरलं? त्या दोन बुशांनी. शिवाय दोन बुशांमधलं अंतर आर्मच्या लांबीपेक्षा कमी असेल तर तरफेच्या हिशेबाने बुशवरचा जोर चाकावरच्या जोराहूनही जास्त होतो. रबर शाबूत असेल तर ते मिलिमीटरभर दबतं आणि चाक जागेवर राहतं. रबर सुटलेलं असेल तर चाक थोडं मागे आणि थोडं आत-बाहेर सरकतं, स्टीअरिंगचा टाय-रॉड मात्र होता तिथेच असतो. मग चाकाचं तोंड वळतं. तुम्ही स्टीअरिंग सरळ धरलेलं असतं आणि एक चाक स्वतःच्या मनाने कुठेतरी बघत असतं.

हे मी आज लिहिते आहे. एप्रिलमध्ये मी एवढंच म्हणाले होते, ‘बाबा, नागपूरच्या मोठ्या वर्कशॉपला देऊ या, तिकडे लिफ्ट आहे, कॉम्प्युटराइज्ड अलाइनमेंट आहे.’ बाबांचा कल आमच्या भंडारा रोडवरच्या जुन्या मिस्त्रीकाकांकडे होता. मी तो हाणून पाडला. पाट्या-बिट्या नसलेल्या, खड्डा खणून त्यावर गाडी उभी करणाऱ्या माणसापेक्षा एसी वेटिंग रूमवाला बरा, असं माझं कॉन्व्हेंटी लॉजिक. बिल कॉम्प्युटरवर छापून आलं, बाबांनी एक शब्द न बोलता दिलं, आणि गाडी खरंच मऊ चालू लागली.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा आवाज सुरू झालेला होता. रिव्हर्स घेऊन ब्रेक मारला की एक ‘टक’. पुढे घेऊन ब्रेक मारला की परत ‘टक’. बाबांनी विचारलं, ‘बुश तर नसेल?’ मी म्हणाले, ‘बुश आत्ता तर बदलले. सहा महिन्यांत नवीन बुश जातो का कुठे? रस्ता बघा ना आपला.’ आता आमच्या रस्त्याला नाव ठेवायला कारणं भरपूर आहेत. चिखला, डोंगरी बुजुर्गच्या खाणींतलं मॅंगनीज त्यावरून जातं, वैनगंगेची रेती जाते, हंगामात धान जातं, आणि एवढं सगळं गेल्यावर जो उरतो त्याला आम्ही रस्ता म्हणतो. त्यामुळे माझं म्हणणं सगळ्यांना पटलं. डाव्या टायरची आतली कड खाल्ली जायला लागली तेव्हा दोनदा अलाइनमेंट करून आणलं. आवाज राहिलाच. मग मी काय केलं असेल? स्टिरिओचा आवाज वाढवला! हे अगदी खरं सांगते आहे.

डिसेंबरात आजीच्या डोळ्याच्या तपासणीसाठी नागपूरला गेलो होतो. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, डोळ्यावर तो हिरवा चष्मा. परत येताना भंडाऱ्याला चहा घेतला आणि मोहाडीच्या पुढे अंधार पडला. गाडी मी चालवत होते, साठ-पासष्टचा स्पीड. समोरून ट्रकचे लाइट डोळ्यांवर, आणि ट्रक बाजूने गेला तसा पुढे तणसाने भरलेला ट्रॅक्टर. ट्रॉलीला लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, नुसता गवताचा काळा डोंगर. मी ब्रेक दाबला. गाडी थांबायच्या आधी डावीकडे गेली. वळली नाही, गेली. मी स्टीअरिंग फिरवलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगू शकते. डावीकडची दोन्ही चाकं डांबरावरून खाली उतरली, गाडी भदाभदा उडाली आणि एका बाभळीच्या अलीकडे थांबली. दहा-पंधरा फुटांवर असेल ती बाभूळ. पलीकडे बांधी, म्हणजे आमच्याकडचं धानाचं शेत, चार फूट खाली.

कोणालाही काही झालं नाही. आजीच्या मांडीवरचा डबा सांडला आणि ती एवढंच म्हणाली, ‘हळू चालव ना माय.’ आईने काहीच विचारलं नाही. तुमसर येईपर्यंत मी तीसच्या वर गेले नाही, आणि प्रत्येक वेळी ब्रेकला पाय लावला की ‘टक’ ऐकू येत होतं. स्टिरिओ बंद होता.

दुसऱ्या दिवशी गाडी मिस्त्रीकाकांच्या खड्ड्यावर. त्यांनी आधी मला दोन-तीनदा पुढे-मागे करून ब्रेक मारायला लावला आणि स्वतः खाली उतरून बघत बसले. मग पहार घेतली, आर्म आणि चौकट यांच्यामध्ये घातली आणि जरासा जोर दिला. डावीकडचा आर्म एवढा हलला की मला वरून बॉनेटमधून दिसला. ‘हा त मेला न जी कवाचाच,’ काका म्हणाले. मी म्हटलं, ‘काका, आठ महिन्यांपूर्वी नवीन टाकलाय, बिल आहे.’ ते म्हणाले, ‘बिल असन. खाली या, पाहा.’

मी खाली उतरले. (मुलगी खड्ड्यात उतरते आहे म्हणून दोन पोरं येऊन उभी राहिली. काकांनी त्यांना चहा आणायला पाठवलं.) रबर बाहेरच्या नळीपासून पूर्ण सुटलेलं होतं, पण सडलेलं नव्हतं, कडक झालेलं नव्हतं, काळं कुळकुळीत नवं रबर. फक्त एकाच दिशेने फाटलेलं. काकांनी विचारलं, ‘तिकडे गाडी दोन खांबाच्या लिफ्टवर चढवली होती काय?’ हो, एसी वेटिंग रूमच्या काचेतून मीच तर बघत होते. ‘मंग चाकं लटकून असतानाच आवळला त्यायनं.’

मला काही कळलं नाही. म्हणून त्यांनी जे करून दाखवलं ते या लेखाचं खरं कारण आहे. उजवीकडचा बुश अजून धड होता. गाडी खड्ड्यावर, चारी चाकांवर, आपल्या वजनाने उभी होती. काकांनी खिशातून खडू काढला, बुशच्या आतल्या नळीच्या कडेवर आणि शेजारच्या ब्रॅकेटवर मिळून एक सरळ रेघ मारली, आणि बोल्ट सैल केला. ‘कट्’ असा आवाज आला आणि नळी आपोआप फिरली! रेघेचे दोन तुकडे झाले आणि दोघांत स्पष्ट दिसेल असं अंतर पडलं. एवढा पीळ त्या रबरात आठ महिने भरलेला होता, गाडी अंगणात उभी असतानासुद्धा.

त्याचं असं आहे. बोल्ट आवळला की बुशची आतली नळी ब्रॅकेटमध्ये चिमटली जाते आणि तिथून पुढे ती हलत नाही. त्या क्षणी आर्म ज्या कोनात असेल तो कोन म्हणजे रबराची विश्रांतीची जागा. दोन खांबांच्या लिफ्टवर गाडी बॉडीला धरून उचललेली असते, चाकं खाली लोंबकळतात. तशीच बोल्ट आवळली तर रबराच्या मते लोंबकळणं हेच नॉर्मल. मग गाडी खाली उतरवली की रबर पिळलं, आणि पिळलेलंच राहिलं. मी टेप लावून मोजलं. चाक लोंबकळताना बॉल जॉइंट साधारण ८ सें.मी. खाली जातो आणि आर्मची लांबी ३३ सें.मी. म्हणजे १४ अंशांचा पीळ, नुसती गाडी उभी असताना. त्यावर खड्डा आला आणि चाक आणखी ८ सें.मी. वर गेलं की २८ अंश. बरोबर आवळलेल्या बुशला तोच खड्डा १४ अंशांचा पडतो, आणि तोही क्षणभर. ट्रिग्नॉमेट्रीचा इतका उपयोग मला बारावीच्या बोर्डातही झाला नव्हता.

म्हणून नियम एवढाच: नवीन आर्म किंवा बुश बसवताना बोल्ट आधी नुसते हाताने लावायचे, गाडी चाकांवर उभी करायची, पुढून दोन-तीनदा दाबून तिला आपल्या उंचीवर बसू द्यायचं, आणि मग शेवटचं आवळायचं. काकांकडे लिफ्ट नाही, खड्डा आहे, त्यामुळे त्यांची गाडी कायम चाकांवरच असते. ज्याला मी मागासलेपणा समजत होते तीच या कामाची योग्य पद्धत निघाली. लिफ्ट वाईट नाही हो. लिफ्टवरही चाकाखाली जॅक लावून आर्म योग्य उंचीला आणता येतो, किंवा गाडी चारी चाकांवर उचलणारी लिफ्ट वापरता येते. पण त्यासाठी दहा मिनिटं जास्त लागतात आणि काचेतून बघणाऱ्या गिऱ्हाइकाला, माझ्यासारख्या, फरक कळत नाही.

आता पार्टचा प्रश्न. फियाटच्या नव्या गाड्या आता आपल्याकडे विकल्या जात नाहीत, आणि पॅलिओ बंद होऊन तर किती वर्षं झाली. पण पॅलिओ, सिएना, पेट्रा, अ‍ॅडव्हेंचर ही सगळी एकाच प्लॅटफॉर्मची भावंडं, त्यामुळे शोधलं की मिळतं. माझा मामा कुर्ल्याला राहतो. त्याने तिथेच आसपास हिंडून बुश-बॉल जॉइंटसकट नवीन आर्मची जोडी मिळवली, आणि मामीने ती साड्यांच्या बॅगेत घालून विदर्भ एक्सप्रेसने तुमसर रोडला आणली. गाडी कुर्ल्याची, औषधही कुर्ल्याहूनच आलं! आधी शेजारच्या एका काकांनी लेथवर नायलॉनचा बुश खरडून देतो म्हटलं होतं, ‘लाइफटाइम जाणार नाही.’ खरंय, नायलॉन जाणार नाही. रबर पिळवटतं तसं ते पिळवटत नाही, म्हणून त्याला घासावं लागतं, आणि सगळे धक्के मग आर्मला आणि बॉडीला खावे लागतात. पी.यू. बुशचं प्रकरण वेगळं आहे. पॉलियुरेथेन रबरापेक्षा कडक, चाक नेमकं धरतं, ट्रॅकवर गाडी पळवणाऱ्यांना ते आवडतं. पण त्याची आतली नळी रबराला चिकटलेली नसते, ती फिरते, तिला ग्रीस लागतं, आणि आमच्या रस्त्यावर ते घरभर किरकिर करील. आपल्या हॉस्टेलमधले जे लोक अलॉय व्हील आणि पी.यू. किटचे फोटो पाठवत असतात त्यांना माझं म्हणणं आवडणार नाही, पण बाहेरदेशी माझदा मिआटासारख्या खऱ्या स्पोर्ट्स कारवालेही (१९८९ ची गाडी, चारी चाकांना डबल विशबोन, म्हणजे बुशच बुश!) रोजच्या वापराला बऱ्याचदा साधं रबरच घालतात. आणि त्यांचा एक अनुभव आपल्यालाही लागू आहे: कव्हर घालून ठेवलेल्या, कमी किलोमीटर झालेल्या गाडीचंही रबर म्हातारं होतं. ऊन, ओझोन, इंजिनातून गळणारं तेल, कशानेही. आमच्याकडच्या मे महिन्याबद्दल तर बोलायलाच नको.

बदलायचं तर दोन्ही बाजूंचं. एक बाजू नवी आणि एक जुनी ठेवली तर ब्रेक मारताना गाडीला पुन्हा एक दिशा आवडू लागते. नंतर अलाइनमेंट, आधी नाही. मी दोनदा आधी केलं होतं, सुटलेल्या आर्मवर. फूटपट्टी हलत असताना रेघ मारण्यासारखं!

दोन्ही बाजूंच्या मजुरीचे काकांनी बाराशे सांगितले. बाबा म्हणाले, ‘हजार घ्या.’ आयुष्यभर शिकवण्याचं काम केलेला माणूस, नागपूरला छापील बिलात याच्या तिप्पट लेबर चार्ज एक शब्द न बोलता देऊन आलेला! बुश दिसत नाही, बोल्ट कोणत्या उंचीवर आवळला ते तर कोणालाच दिसत नाही. काकांनी ते काम आडवंतिडवं केलं असतं तरी आम्हाला आठ महिने कळलं नसतं. ज्या दोनशे रुपयांसाठी घासाघीस चालली होती ते नेमके त्या न दिसणाऱ्या दहा मिनिटांचे होते. मी तिथेच वाद घातला. चारचौघांत बोलल्याबद्दल घरी आल्यावर ऐकून घ्यावं लागलं, पण बाराशे दिले गेले. आपण इंजिनिअर झाल्यावर आपल्याच कामाचे पैसे लोक असेच कापणार आहेत, तेव्हा सवय आतापासून मोडलेली बरी.

‘एवढा खटाटोप कशाला, भंगारात द्या’ असं सांगणारे पण भेटले. गाडी जुनी झाली, की सरकारही तेच सुचवतं. पंधरा वर्षांवरच्या मोटारीच्या नोंदणीच्या नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ पासून पाच हजार झाली, आणि वीस वर्षांवरच्यांसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये दहा हजार. धूर ओकणाऱ्या, सडलेल्या गाड्या रस्त्यावरून जाव्यात, हे मला मान्य आहे. पण आमच्या बाबतीत हिशेब बघा. बावीस वर्षांचा पत्रा शाबूत, बावीस वर्षांचं स्टीअरिंग शाबूत, मूळ बुशसुद्धा बावीस वर्षं टिकले. त्या रात्री दगा दिला तो आठ महिन्यांच्या नव्या कोऱ्या भागाने, आणि तोही भागाचा दोष नव्हता. नवी गाडी घेतली असती आणि पहिल्या दुरुस्तीला लिफ्टवर लटकवूनच आवळली असती तर तिचंही तेच झालं असतं.

आता थोडं आपल्याबद्दल, म्हणजे कॉलेजबद्दल. सरांनो, मॅडम, राग मानू नका. लोअर आर्मवरचा प्रॉब्लेम मी परीक्षेत सोडवला आहे, मला त्यात चांगले मार्क आहेत. आपल्या लॅबमधलं सस्पेन्शनचं मॉडेल लाल-पिवळ्या रंगाचं आहे, त्यावर बाणांनी नावं लिहिलेली आहेत, आणि त्याचे बुश गेल्या किती बॅचेसपासून नवेच आहेत, कारण त्यावर कधी गाडीच बसली नाही. त्या मॉडेलवर व्हायवा देऊन आलेल्या मुलीने स्वतःच्या गाडीतला फाटलेला बुश दोन महिने ओळखला नाही. माझी सूचना एवढी आहे की लॅबमध्ये एक कपाट मोडक्या वस्तूंचं असावं. एका बाजूने खाल्लेला टायर, खेळ आलेला बॉल जॉइंट, सडून तडकलेला बुश, आणि पिळून फाटलेला बुश, शेजारी-शेजारी. दोघांमधला फरक हाताने चाचपून कळतो, पी.पी.टी.त कळत नाही. आपल्या जिल्ह्यात गडेगावला अशोक लेलँड आहे, वरठीला सनफ्लॅगचा स्टील प्लांट आहे. इंडस्ट्रियल व्हिजिटला आपण जातो, गेटवर ग्रुप फोटो काढतो, समोसा खातो, रिपोर्ट मागच्या वर्षीचा उतरवतो. पुढच्या वेळी तिथे रिजेक्ट झालेले, तुटलेले नमुने मागून बघू या. मिळाले तर मिळाले. माझ्याकडून सुरुवात म्हणून तो डाव्या बाजूचा बुश मी आणून ठेवला आहे, सध्या माझ्या टेबलावर पेपरवेट म्हणून आहे.

आणि बाइकवाल्यांनो, तुम्ही का हसता? तुमच्या मागच्या चाकाचा चिमटा, म्हणजे स्विंग आर्म, तोही बुशवरच बसलेला आहे. हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये दहा-दहा वर्षं जुन्या पल्सर आणि स्प्लेंडर उभ्या आहेत, दादाने वापरून धाकट्याला दिलेल्या. डबल स्टँडवर लावा, मागचं चाक दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे हलवा. चाकाबरोबर चिमटाच हलत असेल तर चिमटा बुश गेले. चाक हलतं आणि चिमटा स्थिर असेल तर बेअरिंग. परवा रविवारी मी माझ्या मैत्रिणीच्या भावाची गाडी अशी हलवून बघितली, तर तो म्हणाला, ‘हे तर घेतल्यापासून असंच आहे.’ घेतल्यापासून म्हणजे सेकंड-हॅन्ड घेतल्यापासून! अशा गाडीवर तिघं बसून हायवेने भंडाऱ्याला पिक्चर बघायला जातात. कोणाला तपासून हवी असेल तर रविवारी सकाळी नाश्त्यानंतर मी मेसच्या मागच्या शेडमध्ये असते. फी नाही, पण घासाघीसही चालणार नाही.

फेब्रुवारीत आजीला परत नागपूरला नेऊन आणलं. त्याच जागी, ती बाभूळ गेल्यावर, मागेपुढे कोणी नाही बघून मी मुद्दाम ब्रेक दाबला. गाडी सरळ थांबली. आजी जागी होऊन म्हणाली, ‘आता काय झालं?’ तिला काही सांगितलं नाही.

नवीन आर्म बसवल्यावर ५०० किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा तपासायचे, असं काकांनी बजावलं आहे, गाडी चाकांवर उभी ठेवूनच. मी पुढच्या शनिवारी घरी जाणार आहे. त्यासाठी लॅबमधला टॉर्क रेंच दोन दिवसांकरता नेऊ द्यावा, असा अर्ज मी दिला आहे. अजून त्यावर सही झालेली नाही.

– तृतीय वर्ष, मेकॅनिकल, मुलींचे वसतिगृह